जंगलातील वसाहतकालीन व युद्धकालीन अवशेष आणि मेटल डिटेक्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येत असतात, म्हणून ते एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व उत्तरे अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांतील, मुख्यतः न्यू इंग्लंड, न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया या भागांतील जंगलांना धरून आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तेथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी निदान प्रश्न ४ आणि ११ वाचल्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नये, ही कळकळीची विनंती.

१. घनदाट जंगलात जुन्या वस्तू सापडतातच कशा? तेथे तर कोणी राहत नव्हते ना?

राहत होते. न्यू इंग्लंडमध्ये आज जे जंगल दिसते त्यातील बराच भाग दोनशे वर्षांपूर्वी शेते आणि कुरणे होती. तेथील शेतकऱ्यांनी झाडे तोडली, नांगराला अडणारे दगड वेचून मैलोन्‌मैल गडगे रचले आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसली. पुढे १८२५ मध्ये पश्चिमेकडील सरोवरांना न्यूयॉर्कशी जोडणारा ईरी कालवा खुला झाला, पश्चिमेकडील सुपीक जमिनीतील धान्य स्वस्तात येऊ लागले, गिरण्यांच्या गावांत रोजगार मिळू लागला आणि ही दगडाळ शेते एकामागून एक ओस पडली. त्यांवर रान माजले. म्हणून भर जंगलात चालता चालता अचानक गडगा आडवा येतो, आणि त्याच्या कडेने गेल्यास पडक्या घराच्या तळघराचा दगडांनी बांधलेला खड्डा दिसतो.

व्हर्जिनियाची कथा निराळी आहे. तेथे उत्तर व दक्षिण राज्यांत झालेल्या यादवी युद्धात (१८६१–६५) प्रचंड सैन्ये महिनोन्‌महिने एका जागी राहिली. १८६२–६३ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या पोटोमॅक सैन्याचे लाखाहून अधिक सैनिक फाल्मथ आणि स्टॅफर्ड परगण्याच्या परिसरात तळ ठोकून होते. लाकडी झोपड्यांत राहणाऱ्या या माणसांच्या हातून बटणे, गोळ्या, बकला, चमचे रोज कुठे ना कुठे पडत होते. लढाईच्या एका दिवसापेक्षा छावणीच्या चार महिन्यांत अधिक वस्तू जमिनीत जातात, हे नवख्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

२. डिटेक्टर नेमका कसा चालतो, आणि तो किती खोलपर्यंत पाहू शकतो?

यंत्राच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीतील, म्हणजे कॉइलमधील, एक वेटोळे सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. या क्षेत्रात धातू आला की त्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह फिरू लागतात, ते स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि ते दुसरे वेटोळे टिपते. परतलेल्या लहरीला किती विलंब लागला यावरून यंत्र धातूच्या वाहकतेचा अंदाज बांधते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. हा आकडा अंदाजच असतो. शिशाची गोळी, पितळी बटण आणि कालपरवाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे एकमेकांत सहज मिसळतात. त्यामुळे ज्याला काही गमवायचे नाही त्याने लोखंडापेक्षा वरचा आकडा दाखवणारा प्रत्येक स्पष्ट सिग्नल खणून पाहावा.

नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २५ सेंटीमीटरपर्यंत कळते. जंगलात हे पुरेसे ठरते, कारण तेथे माती पालापाचोळा कुजूनच साचते आणि अठराव्या शतकातील तांब्याचे नाणेही बहुधा वीतभर खोलीच्या आतच असते. या छंदाचे मूळही युद्धातच आहे, असे म्हटले तरी चालेल : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराची एससीआर-६२५ ही सुरुंगशोधक यंत्रे भंगारात स्वस्त मिळू लागली आणि यादवी युद्धाच्या अवशेषांचे अनेक पहिले शोधक तीच जड यंत्रे खांद्यावर घेऊन रानात शिरले.

३. सुरुवातीला कोणते यंत्र घ्यावे?

एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारे, वजनाला हलके आणि पाण्यात भिजले तरी चालणारे कोणतेही मध्यम दर्जाचे यंत्र पुरते. यंत्राच्या नावापेक्षा कॉइलचा आकार महत्त्वाचा आहे : मोकळ्या रानात अकरा इंचांची कॉइल ठीक असते, पण पडक्या घराभोवती खिळ्यांचा खच असतो आणि तेथे सहा इंचांची कॉइलच कामाची. त्याचे कारण प्रश्न ८ मध्ये दिले आहे. खड्ड्यातील वस्तूची नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा छोटा पिनपॉइंटर आणि मुळांच्या जाळ्यातून जाणारी मजबूत खुरपी यांवर मात्र काटकसर करू नये.

४. कोणत्या जमिनीवर शोध घेता येतो आणि कोणत्या जमिनीवर तो गुन्हा ठरतो?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत कमी गांभीर्याने घेतला जाणारा प्रश्न हाच आहे. सोपा नियम असा की जमीन कोणाची आहे हे कागदावर कळेपर्यंत यंत्र सुरू करू नये.

राष्ट्रीय उद्याने, राष्ट्रीय युद्धभूमी आणि राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातील इतर सर्व जागा येथे डिटेक्टर वापरणे तर सोडाच, तो जवळ बाळगणेही निषिद्ध आहे. गेटिसबर्ग, मनॅसस, पीटर्सबर्ग, व्हॅली फोर्ज, मॉरिसटाउन ही सारी नावे यात येतात. संघराज्याच्या आणि मूलनिवासी जमातींच्या कोणत्याही जमिनीवरून किमान शंभर वर्षे जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढणे हा १९७९ च्या पुरातत्त्वीय साधनसंपत्ती संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वस्तूचे मूल्य आणि जागा पूर्ववत करण्याचा खर्च मिळून ५०० डॉलरच्या वर गेला, तर हीच मर्यादा २०,००० डॉलर आणि दोन वर्षे होते. जागा पूर्ववत करण्याचा खर्च किती चटकन वाढतो हे पाहिले, म्हणजे ५०० डॉलर ही किती खालची पायरी आहे हे कळते.

राष्ट्रीय वनांत थोडी मोकळीक आहे. तेथील शिबिरस्थळे, सहलीच्या जागा अशा ठिकाणी अलीकडची हरवलेली नाणी वा दागिने शोधण्यास सहसा हरकत नसते, पण ऐतिहासिक वस्तू उकरणे तेथेही निषिद्ध आहे. म्हणजे या लेखाच्या विषयापुरते राष्ट्रीय वन बंदच समजावे. राज्यांची उद्याने आणि वने यांचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत आणि तेथील कार्यालयाला लेखी विचारणे हाच एक मार्ग आहे. उरते ती खासगी जमीन. या छंदातील बहुतेक सारे प्रामाणिक काम तेथेच होते (प्रश्न ६).

५. कायद्यात गोळ्या आणि नाणी वगळलेली आहेत, असे ऐकले. मग अडचण काय?

हे वाक्य अर्धेच सांगितले जाते. ‘पुरातत्त्वीय साधनसंपत्ती नसलेल्या’ दगड, नाणी, गोळ्या व खनिजे यांना १९७९ चा कायदा लागू होत नाही, असे त्यात म्हटले आहे. लढाईच्या जागी जमिनीत जशीच्या तशी पडलेली गोळी ही पुरातत्त्वीय साधनसंपत्तीच असते, त्यामुळे ही पळवाट तेथे उघडतच नाही. शिवाय उद्यान सेवेचा आणि वन विभागाचा स्वतंत्र नियम राहतोच.

दुसरा बारकावा असा की हाच कायदा काही वेळा खासगी जमिनीपर्यंतही पोहोचतो. राज्याचा वा स्थानिक कायदा मोडून, उदाहरणार्थ मालकाच्या नकळत घुसून, काढलेली पुरातत्त्वीय वस्तू राज्याची सीमा ओलांडून विकली, तर प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात जाऊ शकते. तिसरा प्रश्न वाटेतल्या गाडीचा असतो : राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या रस्त्याने जायचेच असेल, तर डिटेक्टर सुटा करून, वापरता येणार नाही अशा रीतीने बांधून ठेवलेला असला पाहिजे.

६. खासगी मालकाची परवानगी कशी मागावी, आणि सापडलेली वस्तू कोणाची?

दिवसा, यंत्र गाडीत ठेवून, मोकळ्या हातांनी दारात जावे. आपण कोण, काय शोधतो, खड्डे कसे बुजवतो हे सांगावे आणि त्यांच्या जागेचा जुना नकाशा मिळाला असल्यास तो दाखवावा. आपल्याच रानात कोणाचे घर होते हे पाहून अनेक मालक स्वतःच सोबत येतात. नकार मिळाला तर आभार मानून परतावे.

परवानगी लेखी असावी. तीत जमिनीच्या सीमा, मुदत आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. करार नसेल तर जमिनीत गाडलेली वस्तू बहुतेक ठिकाणी जमीनमालकाचीच मानली जाते आणि तसे मानूनच वागावे. कुळाची किंवा शेजाऱ्याची परवानगी ही परवानगी नव्हे. जमिनीवर संवर्धनाचा करार नोंदवलेला असेल, तर मालकाचा होकार असूनही खोदकामास मनाई असू शकते, म्हणून तेही विचारून घ्यावे.

७. चांगली जागा शोधायची कशी?

घरी बसून. जंगलात घालवलेल्या वेळापेक्षा नकाशांवर घालवलेला वेळ जास्त फळ देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर छापलेल्या परगण्यांच्या नकाशांत प्रत्येक घराचा ठिपका आणि कुटुंबप्रमुखाचे नाव असते. आजच्या नकाशावर त्या जागी काहीच नसेल, तर तेथे जाऊन पाहण्यासारखे काहीतरी आहे.

त्याहून मोठी क्रांती लायडारने केली. विमानातून सोडलेल्या लेसरच्या स्पंदांपैकी काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. संगणक झाडे वगळून केवळ भूपृष्ठाचे चित्र तयार करतो. त्यात गडगे रेषांसारखे, जुने रस्ते दबलेल्या पट्ट्यांसारखे आणि तळघरांचे खड्डे लहान चौकोनांसारखे उमटतात. कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये याच पद्धतीने दक्षिण न्यू इंग्लंडमधील लुप्त शेतवस्त्यांचे नकाशीकरण प्रसिद्ध केले. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लायडार सर्वांना विनामूल्य खुले आहे, आणि ते न पाहता रानात भटकणे मला वेळेचा निव्वळ अपव्यय वाटतो.

प्रत्यक्ष जागेवर वनस्पती बोलतात. रानात मधोमध लायलॅकचे झुडूप, डे-लिलीचा ताटवा किंवा जमिनीवर पसरलेली व्हिंका दिसली, तर ती कोणीतरी दारात लावलेली होती. दार सापडले की विहीर, गोठा आणि वाट यांची दिशा हळूहळू लागते.

८. जागा वसाहतकालीन आहे की नंतरची, हे लवकर कसे ओळखावे?

खिळ्यांवरून. ज्या खिळ्यांना सारे वैतागतात तेच जागेचे वय सर्वांत आधी सांगतात. एक खिळा पाण्याने धुऊन बोटांत फिरवून पाहावा. चारही बाजूंनी निमुळता होत गेलेला, आणि ज्याच्या माथ्यावर हातोड्याच्या तीनचार घावांचे उतरते पैलू दिसतात, तो लोहाराने घडवलेला. असे खिळे सर्रास वापरात होते ते १८०० च्या आसपासपर्यंत. दोनच बाजूंनी निमुळता आणि उरलेल्या दोन बाजू समांतर असतील, तर तो पत्र्यातून यंत्राने कापलेला, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकातला. गोल तारेचा खिळा १८९० च्या दशकापासून सर्वत्र पसरला. एखाद्या खड्ड्याभोवती पहिल्या प्रकारचेच खिळे मिळत राहिले, तर तेथे सावकाश, इंचाइंचाने काम करावे.

लोखंडाशेजारी पडलेली चांगली वस्तू लोखंडाच्या आवाजात दडते. कॉइल मोठी असेल तर ती दोन्ही एकदमच पाहते. लहान कॉइल त्यांना वेगळे करते. त्यामुळे लोखंड पूर्णपणे गप्प करणारी सेटिंग अशा जागी वापरू नये, आणि एकाच पट्ट्यावरून आधी उभे, मग आडवे असे दोनदा जावे.

९. शिशाची गोळी सापडली. ती कोणत्या युद्धातील?

प्रथम आकार पाहावा. वाटोळी गोळी वसाहतकाळापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कधीचीही असू शकते, आणि शिकाऱ्यांनीही ती वापरली आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात (१७७५–८३) ब्रिटिशांच्या ‘ब्राउन बेस’ मस्केटची, म्हणजे गुळगुळीत नळीच्या बंदुकीची, नळी ०.७५ इंचांची असून तिची गोळी सुमारे ०.६९ इंच व्यासाची असे. अमेरिकनांच्या हाती असलेल्या फ्रेंच ‘शार्लव्हिल’ची नळी ०.६९ आणि गोळी सुमारे ०.६३ इंच. गोळी आदळून चपटी झाली असेल तर व्यास मोजता येत नाही, पण वजन मात्र बहुधा तसेच राहते. यासाठी न्यू जर्सीतील मनमथच्या रणभूमीवर काम केलेले पुरातत्त्व-अभ्यासक डॅनियल सिव्हिलिच यांचे सूत्र प्रसिद्ध आहे : वजन ग्रॅममध्ये घ्यावे, त्याचे घनमूळ काढावे आणि ०.२२३२०४ ने गुणावे, म्हणजे मूळ व्यास इंचांत मिळतो. ३० ग्रॅमची चपटी गोळी या हिशेबाने ०.६९ इंचांची ठरते आणि साडेबावीस ग्रॅमची ०.६३ इंचांची. एका शेताच्या एका कडेला पहिल्या प्रकारच्या आणि दुसऱ्या कडेला दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या मिळू लागल्या, की कोण कोठे उभे होते हे दिसू लागते.

शंकूसारखी, मागून पोकळ आणि कडेला तीन खाचा असलेली गोळी म्हणजे यादवी युद्धातील मिनिए गोळी. फ्रेंच अधिकारी क्लोद-एतियेन मिनिए यांच्या १८४९ च्या रचनेत सुधारणा करून अमेरिकी लष्कराने ती १८५५ मध्ये ०.५८ इंचांच्या रायफलीसाठी स्वीकारली. उडवलेल्या मिनिए गोळीवर नळीतील पेचांचे ओरखडे तिरपे उमटलेले असतात आणि बूड फुगलेले असते. हातातून पडलेली गोळी मात्र गुळगुळीत असते. उडवलेल्या गोळ्या लढाईची जागा दाखवतात, पडलेल्या गोळ्या छावणी किंवा पहारा. दातांच्या खुणा असलेल्या गोळ्या वेदनेत सैनिकांनी चावलेल्या असतात, असे सर्रास सांगितले जाते. पण त्यांतील बऱ्याच रानडुकरे, डुकरे आणि खारी यांनी कुरतडलेल्या असतात.

१०. बटणे आणि नाणी यांवरून काय कळते?

बटण हा या छंदातील सर्वांत बोलका पुरावा आहे. १७६७ च्या हुकमानंतर ब्रिटिश रेजिमेंटांच्या बटणांवर त्यांचा क्रमांक येऊ लागला, त्यामुळे शिशासारख्या राखाडी प्यूटरच्या (कथलाच्या मिश्रधातूच्या) तुकड्यावर एक आकडा वाचता आला, की त्या जागी कोणती तुकडी होती हे कळते. ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकी कॉन्टिनेंटल सैन्याच्या काही बटणांवर ‘यूएसए’ ही अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात. यादवी युद्धातील उत्तरेच्या सैनिकांचे बटण गरुडाचे. गरुडाच्या ढालीवर ‘आय’, ‘सी’ किंवा ‘ए’ असेल, तर ते अनुक्रमे पायदळ, घोडदळ किंवा तोफखान्यातील अधिकाऱ्याचे असण्याची शक्यता मोठी. पाठीवर कारखान्याचे नाव असते, म्हणून पाठ आधी पाहावी.

नाण्यांबाबत एक खबरदारी घ्यावी : नाण्यावरचे वर्ष हे ते हरवल्याचे वर्ष नव्हे. स्पॅनिश चांदीचे रियाल अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते, आणि ब्रिटिश राजा जॉर्ज दुसरा याची अर्धपेनी पार झिजेपर्यंत फिरत राहिली. कनेक्टिकटचे तांबे (१७८५–८८) आणि मोठे सेंट (१७९३–१८५७) ही जंगलात वरचेवर मिळणारी नाणी.

११. तोफगोळा सापडला तर काय करावे?

हात लावू नये. जागा लक्षात ठेवावी, मागे सरावे आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. यादवी युद्धातील अनेक गोळे पोकळ असून त्यांत काळी दारू भरलेली आहे, आणि दीडशे वर्षांनीही ती कोरडी व जिवंत असू शकते. २००८ मध्ये व्हर्जिनियात एक अनुभवी संग्राहक स्वतःच्या घरासमोर असाच गोळा साफ करीत असताना स्फोट होऊन मरण पावला. एक तुकडा सुमारे पाव मैलावरील घरापर्यंत गेला. घासणे, छिद्र पाडणे, वजन करण्यासाठी उचलणे, गाडीत टाकून तज्ज्ञाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. गोळा भरीव असेल, हा अंदाज गंजाच्या थराखाली कोणालाही खात्रीने करता येत नाही.

१२. खणताना आणि नोंद ठेवताना कोणती पद्धत असावी?

पाला बाजूला सारावा, मातीचा गड्डा तीन बाजूंनी कापून बिजागरासारखा उलटवावा, वस्तू काढून झाल्यावर गड्डा जागी दाबून पाला पुन्हा पसरावा. जाड मुळे तोडू नयेत. गडग्याचा किंवा तळघराच्या भिंतीचा एकही दगड हलवू नये.

नोंद त्याच क्षणी करावी : जीपीएसचे स्थान, खोली, शेजारी काय मिळाले, आणि वस्तू खड्ड्यात असतानाचे छायाचित्र. प्रत्येक वस्तू क्रमांक लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवावी. खिशात एकत्र खुळखुळणाऱ्या दहा गोळ्या म्हणजे शिसे. नकाशावर मांडलेल्या त्याच दहा गोळ्या म्हणजे एका चकमकीची रेषा. ही रेषा एकदा विस्कटली की कोणालाही पुन्हा जुळवता येत नाही, म्हणूनच या मुद्द्यावर येथे इतका भर दिला आहे.

१३. पुरातत्त्वज्ञांचा या छंदाला विरोध का असतो?

नोंद न करता उकरणाऱ्यांमुळे. यंत्राला त्यांचा विरोध नाही. मोंटानात लिटल बिगहॉर्नच्या माळरानावर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले, आणि १९८४ पासून डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी स्वयंसेवकांकडून डिटेक्टरने ती भूमी पद्धतशीर तपासून घेतली. प्रत्येक काडतुसाचे स्थान नोंदवले, बंदुकीची पिन आदळून उमटलेल्या खुणांवरून एकाच बंदुकीची काडतुसे ओळखली आणि अमेरिकी सैन्य व मूलनिवासी यांच्यातील १८७६ च्या त्या लढाईत कोण कोठून कोठे सरकले याचा माग काढला. न्यू जर्सीत मनमथ येथेही (लढाई २८ जून १७७८) स्वयंसेवी शोधकांनी पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली असेच काम केले. ज्यांना हा छंद मनापासून आवडतो त्यांनी अशा एखाद्या सर्वेक्षणात जरूर सामील व्हावे. तेथे शिकायला मिळते तसे एकट्याने भटकून मिळत नाही.

१४. सापडलेल्या वस्तू कशा स्वच्छ कराव्यात?

शक्यतो करू नयेत. तांब्यावरचा हिरवा राप हा त्याचा पृष्ठभागच झालेला असतो. तो घासला की अक्षरे त्याच्यासोबत जातात. पाण्यात भिजवावे, मऊ काडीने माती सोडवावी, वाळवावे, बस. चांदीला साधे पाणी पुरते. गोळीवरचा पांढरा थर शिशाचा क्षार असून तो विषारी आहे, म्हणून तो खरवडू नये आणि जेवण्यापूर्वी हात धुवावेत. लोखंडासाठी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात मंद विद्युतप्रवाह सोडण्याची पद्धत आहे. तीत धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून घातक क्रोमियम पाण्यात उतरते. ही कृती तोफगोळ्यावर करण्याचा विचार मनात आल्यास प्रश्न ११ पुन्हा वाचावा.

१५. कोणत्या ऋतूत जावे, आणि जंगलात धोका कशाचा?

पानगळीनंतर जमीन गोठेपर्यंत, आणि बर्फ वितळल्यापासून झुडपे फुटेपर्यंत. शिकारीच्या हंगामात भडक नारिंगी जाकीट अंगावर असलेच पाहिजे. गोचिडी थंडीतही, तापमान गोठणबिंदूच्या वर असेल तर, सक्रिय असतात. त्यांच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे नावच कनेक्टिकटमधील लाइम या गावावरून पडले आहे. कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावावे, पायघोळ विजार मोज्यांत खोचावी आणि घरी येताच अंग तपासावे. चिकटलेली गोचीड पहिल्या दिवसातच चिमट्याने काढली, तर संसर्गाची शक्यता फार कमी राहते.

१६. खणताना हाड किंवा शवपेटीचे खिळे दिसले तर?

तत्क्षणी थांबावे, काहीही उचलू नये आणि पोलिसांना कळवावे. शेतवस्त्यांच्या मागे कुटुंबाची लहान दफनभूमी असणे नेहमीचे होते आणि पुष्कळदा तिच्यावर न कोरलेले दगडच उभे असतात. रणभूमीवर तर घाईने पुरलेले सैनिक आजही मिळतात. अवशेष मूलनिवासींचे असतील आणि जमीन संघराज्याची किंवा जमातीची असेल, तर १९९० चा स्वतंत्र कायदा लागू होतो. खासगी जमिनीवरील दफनांसाठी राज्यांचे कायदे आहेत, आणि मालकाची परवानगी तेथे उपयोगी पडत नाही.

१७. वडिलांनी जमवलेला जुना संग्रह घरात आहे, पण कोणती वस्तू कोठली याची नोंद नाही. त्याचे काय करावे?

आधी काहीही विकू, घासू किंवा वेगळे करू नये. जुन्या डब्यांवरची चिठ्ठी, वर्तमानपत्राच्या वेष्टनावरची तारीख, नकाशावरची पेन्सिलची खूण, सोबत जाणाऱ्या मित्रांच्या आठवणी हे सारे पुरावेच आहेत आणि ते आजच लिहून ठेवावेत. डबे ज्या क्रमाने ठेवले आहेत त्याच क्रमाने त्यांची छायाचित्रे घ्यावीत. संग्रहात गोळे असतील तर प्रश्न ११ घरालाही तितकाच लागू आहे. त्यानंतर त्या परगण्याच्या इतिहास मंडळाकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे यादी पाठवावी. ‘फाल्मथच्या उत्तरेचे शेत’ एवढी एक ओळ मिळाली तरी तेथील माणसे पुष्कळदा तो तळ कोणत्या रेजिमेंटचा हे सांगू शकतात.